सातबाऱ्यावरचा साडू

शैक्षणिक कर्जाचा अर्ज २०१५ पासून विद्यालक्ष्मी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. मीही भरला. पोर्टलने मला शाखेत जायला सांगितलं. परवा कणकवलीला गेलो.

७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही. मला हवे होते ९. वरच्या दीड लाखापायी आमचा कलमांचा डोंगर पुढे करायचा होता. साहेबांनी सातबारा मागितला, मी दिला. तो कागद म्हणजे एकोणीस नावांचा मेळावा. त्यातल्या निम्म्यांना मी फक्त गणपतीत बघतो, आणि उरलेले एका फणसावरून एकमेकांशी बोलत नाहीत.

एवढ्यात पासबुकाच्या रांगेतले एक म्हातारे, डोक्याला टोपी आणि काखेत छत्री, रांग सोडून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कसला कर्ज?"

"शिक्षणाचं. मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला."

"चेडवाक? शिकूक कर्ज?" त्यांनी सगळ्या रांगेकडे वळून बघितलं. "म्हशीक मिळता ता म्हायत आसा. म्हस दूध तरी देता. ह्या फेडूचा कधी?"

मी, का कोण जाणे, समजवायला बसलो. चार वर्षं शिक्षण, वर एक वर्ष सवलत, मग हप्ते.

"म्हणजे पाच वर्सा व्याज नाय?"

"व्याज चालू असतं. नंतर मुद्दलात मिळवतात."

"मगे सवलत कसली?"

मी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

त्यांच्या डोक्यामागे हार घातलेल्या गाडीचा फलक होता. त्या फलकावर गाडीचं व्याज माझ्या मुलीच्या व्याजापेक्षा कमी. हप्ता थकला तर गाडी ओढून नेता येते. पोरीचं इंजिनिअरिंग कुठून ओढणार? हिशेब मला कळतो. पण गेली पंधरा वर्षं मी पोरीला 'अभ्यास कर, पैशाचं बघू' म्हणत आलोय, त्याऐवजी 'गाडी हो' म्हणायला हवं होतं. असो.

तोवर म्हाताऱ्यांनी सातबारा उचलला होता. चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाला लावून, ते एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. भटजी सप्तशती वाचतात तसे. शिपाईसुद्धा ऐकत होता. अकराव्या नावाला ते थांबले.

"अरे! हो तर माजो साडू!"

मला क्षणभर बरं वाटलं. ओळख निघाली की कोकणात कामं होतात, असं वडील सांगायचे.

"पण तो गेलो नाय? डोंबिवलीक. शिमग्याक दोन वर्सा झाली."

साहेबांची बोटं कीबोर्डवर थांबली. त्या सकाळी पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली.

"मयत आहेत? मग आधी वारस नोंद करून आणा. वारसांच्याही सह्या लागतील."

"चार पोरगे," म्हाताऱ्यांनी तत्परतेने माहिती पुरवली. "एकटो दुबयाक."

सगळे कागद त्याच क्रमाने परत माझ्या पिशवीत गेले. एकोणीसचे आता बावीस झाले होते. मी उठलो, तर दारापाशी म्हाताऱ्यांनी दंड धरला आणि एक कोरी विड्रॉल स्लिप हातात दिली. चष्म्यातून बारीक अक्षर दिसत नाही म्हणाले.

सुतळीला बांधलेलं पेन पोचेना, म्हणून काउंटरवर ओणवा होऊन भरली मी. अक्षरी रुपये दोन हजार फक्त.