युव्हिआयटिस म्हणजे जंतूच, असं नाही

‘युव्हिआयटिस म्हणजे डोळ्यात शिरलेले जंतू; अँटिबायोटिक थेंब घाला, स्टेरॉईड आजच बंद करा’ असा मेसेज फिरतोय. युव्हिआयटिस म्हणजे खरं तर डोळ्याच्या आत येणारी सूज. मेसेजमधलं थोडं खरं आहे, बाकीचं डोळ्यावर बेतू शकतं.

जंतूंमुळे डोळ्याच्या आत सूज येते, हे खरंच. नागिणीचा विषाणू, टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी, क्षय, सिफिलिस ही नेहमीची कारणं. एबोलातून बऱ्या झालेल्या एका डॉक्टरच्या रक्तात विषाणू उरला नव्हता, तरी डोळ्याच्या आतल्या द्रवात (अश्रूंत नव्हे) तो जिवंत सापडला. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पण बऱ्याच रुग्णांच्या डोळ्यात जंतू सापडतच नाहीत. प्रतिकारशक्तीच डोळ्यावर उलटलेली असते, कधी संधिवाताच्या जोडीने. तिथे अँटिबायोटिक काय करणार? (विषाणूवरही ते चालत नाहीच.) सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉईड अचानक सोडलं तर सूज पुन्हा उसळते. उलट जंतू असताना नुसतं स्टेरॉईडही घातक. म्हणून तर डॉक्टर स्लिट लॅम्पखाली (डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली) डोळा बघतात, रक्त तपासतात, गरज पडल्यास डोळ्याच्या आतला थेंबभर द्रव काढून पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) करतात.

कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.