आईला बाबांशेजारी बसायचे पैसे

आज दुपारी आई-बाबांचं इंदूर-पुणे विमानाचं तिकीट काढायला बसले. भाच्याची मुंज आहे, आजी-आजोबा हवेतच. पहिल्या पानावर दोघांचे मिळून 9,800. म्हटलं, चला, बरं आहे. पुढच्या पानावर सीट निवडा, एकेका सीटचे 450. त्याच्या पुढे विमा, मी न विचारता आधीच टिक केलेला. तो काढला. आणि सगळ्यात शेवटी, पैसे भरायच्या पानावर, कन्व्हीनियन्स फी, तीही माणशी 399. विमा काढूनसुद्धा साडेअकरा हजार झाले. घरी बसून, माझ्या नेटवर, सगळं मीच टाईप करायचं, आणि वर फी मीच द्यायची!

डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

गेल्या दिवाळीत हेच दोघं दादाकडे पुण्याला निघाले होते. तेव्हा सीटचे वेगळे पैसे दिले नव्हते. एकाच पीएनआरवरचे नवरा-बायको, तिकीट सीनियर सिटिझन म्हणून काढलेलं, म्हणजे वयं कंपनीला माहीत. बाबांना दिली सातवी रांग, आईला चोविसावी. आत आपल्याला सोडत नाहीत, मी एअरपोर्टच्या काचेबाहेर उभी राहून आईच्या फोनवर ऐकत होते. काउंटरवरचा मुलगा म्हणत होता, "माताजी, सीट सिस्टम देता है." त्या पोराला मी काही बोलणार नाही. विशी-बाविशीचा असेल, तो तरी काय करणार.

पण सिस्टम देते म्हणजे काय हो? सिस्टमला कुणीतरी सांगितलंय ना, पैसे दिले नाहीत तर कुठेही बसव म्हणून?

रेल्वेचं बघा. बर्थ मागितला नाही तरी शिल्लक असेल तर साठीपुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीपुढच्या बायकांना कॉम्प्युटर आपणहून लोअर बर्थ देतो. (रेल्वेनं 2020 पासून ज्येष्ठांची सवलत बंद केली आणि ऑनलाइन तिकिटावर तीही फी घेते, मान्य. पण ती 10 ते 30 रुपये, वर जीएसटी.) म्हणजे माणसाचं वय बघून जागा देणारा कॉम्प्युटर या देशात कधीचा चालू आहे. विमान कंपन्यांना जमत नाही असं कुणी मला सांगू नये.

बाबांना कानाचं मशीन आहे. विमानाच्या आवाजात ते चालतं न चालतं. कोण काय विचारतंय ते आई त्यांना तोंड जवळ नेऊन सांगते, तेव्हा कळतं. त्यांच्या गोळ्या आईच्या पर्समध्ये. आई म्हणाली, "मला तिथून त्यांची फक्त टोपी दिसत होती गं." संपूर्ण प्रवास ती टोपीकडे बघत बसली.

आता कुणीतरी म्हणेल की म्हणूनच तिकिटं स्वस्त झाली, ज्याला जे हवं त्यानं त्याचे पैसे द्यावे. नुसती पाठीवरची बॅग घेऊन जाणाऱ्यानं माझ्या सुटकेसचा भार का उचलावा, हे मला पटतं. यूडीएफ (म्हणजे विमानतळ वापरायची फी), सिक्युरिटी फी, जीएसटी याबद्दलही तक्रार नाही, ते विमानतळाचे आणि सरकारचे पैसे, आणि आता बहुतेक ठिकाणी पहिल्या आकड्यातच धरलेले असतात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये देशातल्या सगळ्यात मोठ्या विमान कंपनीनं इंधनाचे वेगळे पैसे लावले, ते तिनं जाहीर करून लावले आणि इंधन उतरल्यावर जानेवारीत काढले. ठीक आहे. पण कन्व्हीनियन्स फी मला द्यावीच लागणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असताना शेवटच्या पानापर्यंत दाबून ठेवायची, ही सरळ लबाडी आहे.

आणि याला नियम नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 30 नोव्हेंबर 2023 ला असे 13 प्रकार लिहून बंद केलेत. किंमत थेंबाथेंबानं उघड करणं त्यात आहे. न विचारता टोपलीत वस्तू सरकवणं त्यात आहे. विमा नको म्हटलं की "मी असुरक्षित राहीन" असल्या बटणावर बोट ठेवायला लावणं, हे तर त्यात विमानाच्या तिकिटाचंच उदाहरण म्हणून दिलंय! सगळं छापलंय आणि आज दुपारी टिक केलेला विमा माझ्यासमोर होता.

विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनं 2024 च्या एप्रिलमध्ये सांगितलं की 12 वर्षांखालच्या मुलाला आई-वडिलांपैकी एकाच्या शेजारी बसवा. फार चांगलं केलं. मग 83 वर्षांच्या, कानानं कमी ऐकू येणाऱ्या माणसाला बायकोशेजारी का नाही?

एक गोष्ट सांगायची होती, हात थरथरताहेत लिहिताना. त्या दिवशी बाबांच्या शेजारची सीट पुण्यापर्यंत रिकामी होती. आईनं विचारलंही. उत्तर आलं, ती पेड सीट आहे, तिथे बसायचं तर चार्ज लागेल. रिकामी! आई कार्ड वापरत नाही. ती "बरं" म्हणाली आणि मागे जाऊन बसली. वाद घालणं तिच्या स्वभावात नाही, ते हे लोक बरोबर ओळखतात.

आज सीटचे 900 भरले मी. आई-बाबांना पुन्हा तसं पाठवणार नाही. पण भरण्याआधी प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घेतला आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रार नोंदवली. विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठी सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, तिथेही टाकली. तुमच्याकडे असे स्क्रीनशॉट असतील तर तुम्हीही नोंदवा. आणि तिकीट रद्द करावं लागलं तर यूडीएफ आणि टॅक्स परत मागा, तिकीट नॉन-रिफंडेबल असलं तरी ते परत द्यावेच लागतात. आपल्या इंदूरच्या रामबागेत आणि लोकमान्य नगरात मुलं पुण्या-बंगळुरूला असलेले किती आई-वडील आहेत, त्यांची तिकिटं आपणच काढतो. तक्रारीचा नंबर मिळाला की कमेंटमध्ये लिहा, मीही माझा टाकते.