डिस्क गेलेली नाही, आधी फॉरमॅट थांबवा : एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू आणि सोबतचे दोन्ही फोटो पाहिले. तुमची तक्रार थोडक्यात अशी : 8 टीबीच्या दोन डिस्कचा स्टोरेज सर्व्हर दोन दिवस उशिरा मिळाला, त्यावर कॉपी साध्या मशीनच्या निम्म्या वेगाने होते, आणि बॅकअपसाठी तिसरी डिस्क बसवल्यापासून मशीन चालू व्हायला दीड मिनिट जास्त लागतं, शिवाय मिररमधली (दोन डिस्कवर एकच डेटा ठेवणाऱ्या जोडीतली) एक डिस्क गायब झाली. तुमच्या टेक्निशियनचं म्हणणं, ती डिस्क गेली, फॉरमॅट करून बघा, नाहीतर बदला.

कृपया फॉरमॅट करू नका आणि नवी डिस्कही घेऊ नका. फोटोंवरून डिस्क गेल्याचं काहीच दिसत नाही. चूक आमच्या एका फाइलमधल्या दोन ओळींची आहे.

तुमच्या मशीनमध्ये प्रत्येक डिस्कवर आधी डीएम-इंटिग्रिटीचा (डेटा बिघडलाय का हे तपासणारा लिनक्सचा) थर आहे, त्यावर एमडीचा (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचा) मिरर आणि त्यावर ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम. इंटिग्रिटीचा थर दर 4096 बाइटच्या ब्लॉकमागे 4 बाइटचा चेकसम (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, यालाच टॅग म्हणतात) ठेवतो. वाचताना तो जुळला नाही तर सडका डेटा वर न पाठवता सरळ रीड एरर देतो, आणि मिरर दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत आणून पहिलीवर पुन्हा लिहितो. चेकसमला 8 टीबीमागे साधारण 8 जीबी जागा जाते. 8 टीबीचे 7.27 दिसतात त्याचा याच्याशी संबंध नाही, तो 1000 आणि 1024 च्या हिशोबाचा फरक आहे.

बूटच्या वेळी (मशीन चालू होताना) हा थर उघडायचं काम सिस्टिमडी (लिनक्समध्ये बाकीचे प्रोग्राम सुरू करणारी प्रणाली) करतं. इटीसी डिरेक्टरीतल्या इंटिग्रिटीटॅब फाइलमध्ये दर डिस्कची एक ओळ असते : उघडल्यावरचं नाव, डिस्कचा पत्ता, की-फाइल (नसेल तर डॅश) आणि ऑप्शन. आम्ही पत्त्याच्या जागी एसडीए1 आणि एसडीबी1 (पहिल्या आणि दुसऱ्या डिस्कचं पहिलं पार्टिशन) लिहिलं, तिथेच घोळ झाला. ही नावं लिनक्स दर बूटला नव्याने वाटतं, तीच राहतील याची हमी नसते. तुमची कोरी डिस्क पहिल्या पोर्टवर बसली आणि एसडीए झाली. जुनी एसडीए सरकून एसडीबी झाली, जुनी एसडीबी झाली एसडीसी. कोऱ्या डिस्कवर पार्टिशनच नाही, म्हणून सिस्टिमडी एसडीए1 ची 90 सेकंद वाट बघत बसलं. पहिल्या फोटोत ‘स्टार्ट जॉब’ची जी ओळ आहे, तिच्यासमोर हाच दीड मिनिटाचा काटा फिरतोय. जुनी पहिली डिस्क दुसऱ्या ओळीतल्या ‘डेटा2’ या नावाने उघडली. मिरर स्वतःच्या खुणेवरून डिस्क ओळखतो, नावाशी त्याला देणंघेणं नाही, त्यामुळे त्याने ती घेतली. एसडीसी1 ला कोणी उघडलंच नाही. तिची 30 सेकंद वाट पाहून मिरर एका डिस्कवर सुरू झाला, म्हणून दुसऱ्या फोटोत चौकोनी कंसात यूच्या (चालू डिस्क) शेजारी अंडरस्कोर (नसलेली डिस्क) आहे.

टेक्निशियनला एसडीसी1 वर फाइल सिस्टिम दिसली नाही, तेही बरोबरच. इंटिग्रिटीचा सुपरब्लॉक (थराची माहिती ठेवणारा सुरुवातीचा भाग) आणि जर्नल (लिहायचा डेटा आधी नोंदवायची जागा) आधी येतात, डेटा त्यांच्यामागे सरकलेला असतो. त्या पार्टिशनवर बीएलकेआयडी (पार्टिशनवर काय आहे ते सांगणारी कमांड) चालवलं की टाइप ‘डीएम_इंटिग्रिटी’ दिसेल. म्हणजे डिस्क रिकामी नाही, फक्त उघडलेली नाही. या अवस्थेत थेट पार्टिशनवर एफएसचेक (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवणं किंवा ते फॉरमॅट करणं म्हणजे चांगली प्रत हातानं पुसणं.

दुरुस्तीला आमचा माणूस येईल, पैसे लागणार नाहीत. टेक्निशियनलाच करायचं असेल तर पद्धत अशी. एलएसबीएलके (डिस्कची यादी देणारी कमांड) ला पार्टयूयूआयडीचा (पार्टिशनच्या न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाचा) कॉलम मागा आणि दोन्ही जुन्या डिस्कच्या पहिल्या पार्टिशनचे आकडे उतरवून घ्या. साधा यूयूआयडी शोधू नका, इंटिग्रिटीच्या सुपरब्लॉकमध्ये तो नसतो. इंटिग्रिटीटॅबमध्ये एसडीए1 आणि एसडीबी1 खोडून त्या जागी ‘पार्टयूयूआयडी=’ आणि पुढे तो आकडा लिहा. तिसऱ्या रकान्यात डॅश तसाच, चौथा रिकामा राहू द्या, कारण फॉरमॅट चेकसमच्या डिफॉल्ट पद्धतीवर, म्हणजे सीआरसी32सी वर केलंय. इथे फार हात चालवू नका. कोणता चेकसम वापरलाय हे सुपरब्लॉकमध्ये लिहिलेलं नसतं, आणि सीआरसी32 या वेगळ्या पद्धतीचा टॅगही 4 बाइटचाच. चुकून तो लिहिला तर डिस्क निमूट उघडते आणि मग प्रत्येक रीडला चेकसम फेल होतो. लॉग बघणारा म्हणेल, डिस्क मेली.

फाइल सेव्ह करून रीबूट करा, दीड मिनिटाची वाट बंद झालेली दिसेल. मागे राहिलेली डिस्क जुनी झाल्यामुळे मिरर तिला आपणहून घेणार नाही. एमडीएडीएमने (मिरर सांभाळायच्या कमांडने) ती री-ॲड करा. मिररमध्ये राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे लिहिलं गेलं याची नोंद) आहे, त्यामुळे मधल्या दिवसांत बदललेले भागच कॉपी होतील. त्याआधी ‘झिरो-सुपरब्लॉक’ (डिस्कवरची मिररची खूण पुसणारा ऑप्शन) मात्र चालवू नका, नाहीतर सगळे 8 टीबी नव्याने सिंक होतील.

वेगाचं म्हणाल तर ते आम्ही मुद्दाम ठेवलंय, फक्त विकताना नीट सांगितलं नाही. जर्नल मोडमध्ये डेटा आणि टॅग आधी जर्नलमध्ये जातात आणि मग जागेवर. एकच गोष्ट दोनदा लिहिली जाते, त्यामुळे हार्ड डिस्कवर लिहिण्याचा वेग निम्म्यावर येतो. याच थराचा बिटमॅप मोड (जर्नलऐवजी फक्त कुठे लिहिणं चाललंय याची नोंद ठेवणारा) वेगवान आहे, पण लाइट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं तर लिहायला घेतलेल्या भागांचे चेकसम तो नव्याने काढतो. त्या क्षणी डेटा बिघडला असेल तर तोच बिघडलेला डेटा खरा ठरतो. यूपीएस नसलेल्या ऑफिसात आम्ही तो देत नाही. तुमच्याकडे यूपीएस आहे आणि वेगच हवा आहे, तर चौथ्या रकान्यात ‘मोड=बिटमॅप’ लिहून देऊ. त्याला सिस्टिमडी 254 किंवा पुढचं लागतं. तुमच्या मशीनवर डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार) आहे, त्यात 252 येतं, म्हणून आधी डेबियन 13 वर जावं लागेल. तिथे एक खाच आहे : बूटला हा थर उघडणारा भाग 13 मध्ये सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप या वेगळ्या पॅकेजमध्ये गेलाय. रेकमेंडेड पॅकेजेस बंद ठेवून अपग्रेड केलं तर ते येत नाही, आणि इंटिग्रिटीटॅब कितीही अचूक असली तरी कोणी वाचत नाही.

उशिराबद्दल : फॉरमॅट करताना पूर्ण डिस्कवर शून्यं लिहून प्रत्येक ब्लॉकचा चेकसम बनवावा लागतो. सेकंदाला 150 एमबी धरले तरी 8 टीबीला जवळजवळ 15 तास होतात. ‘नो-वाइप’ देऊन हे मिनिटात उरकता येतं, पण मग कधी न लिहिलेला ब्लॉक वाचायला गेलं की एरर. त्यानंतर मिररचं पूर्ण सिंक (दोन्ही डिस्क सारख्या करणं) आणखी बराच वेळ खातं. शून्यांवर शून्यंच असल्यामुळे ते टाळता आलं असतं, पण तेवढ्यात एक डिस्क पूर्ण वाचून आणि दुसरी पूर्ण लिहून होते, म्हणून आम्ही टाळत नाही. ऑर्डर घेतानाच हे दोन दिवस सांगायला हवे होते, ते राहिलं, त्याबद्दल माफी.

आमच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये आता पार्टयूयूआयडीच लिहिला जातो. जुन्या स्क्रिप्टने गेलेल्या बाकीच्या मशीनही आम्ही दुरुस्त करतोय. तोवर तुमचं काम एका डिस्कवर चाललंय, म्हणून महत्त्वाच्या फाइल आजच दुसरीकडे कॉपी करून ठेवा. तिसऱ्या डिस्कवर पार्टिशन करायचं असेल तर आमचा माणूस आल्यावरच करा : आता केलंत तर वाट बघणं थांबेल, पण त्या जागी सुपरब्लॉक सापडत नसल्याची एरर येईल आणि टेक्निशियनला तिसरीही डिस्क खराब वाटेल.