उजव्या हाताचा अंगठा

बावीस वर्षं झाली, मी पोरांना एकच वाक्य सांगत आलोय : "झोपू नका रे." दुपारची खिचडी पोटात गेलेली असते, वर पत्रा तापलेला असतो आणि फळ्यावर १७६१ चं पानिपत चाललेलं असतं. अशा वेळी मी "झोपू नका" म्हटलं की तिसऱ्या ओळीतली एक मान हळूच पुढं झुकते, मग तिच्या शेजारची, आणि विश्वासराव पडेपर्यंत अर्धा वर्ग पडलेला असतो.

त्यामुळं योगनिद्रेच्या, म्हणजे उताणं पडून आवाजाबरोबर अंग नि मन सैल सोडायच्या साधनेच्या, रेकॉर्डिंगमधल्या बाई पहिल्याच मिनिटाला "झोपायचं नाही, जागं राहून फक्त माझा आवाज ऐकायचा" असं म्हणाल्या, तेव्हा मला एकदम हायसं वाटलं. बाई आपल्याच खात्यातल्या दिसतात, म्हटलं. आता पाच मिनिटांत आपलाही विश्वासराव.

कसलं काय! अठ्ठावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मी अठ्ठावीस मिनिटं ऐकलं, शेवटच्या "हरि ओम तत्सत्"सकट. वर्गातला एकमेव हुशार विद्यार्थी असल्यासारखा.

माझी झोप नेमकी कधी गेली ते सांगता येत नाही. आधी ती नळाच्या पाण्यापायी जायची. आमच्या गल्लीत नळ कधी रात्री दीडला येतो, कधी साडेतीनला आणि कधी येतच नाही. पण तिन्हींसाठी जागावं सारखंच लागतं. मग पाण्याची पाळी नसलेल्या रात्रीही दीडला डोळे उघडायला लागले. डॉक्टर म्हणाले, "बीपी काठावर आहे सर. रात्री मोबाईल अजिबात बघू नका." हे स्टाफरूममध्ये सांगितलं, तर एका सहकाऱ्यानं लगेच उपाय पाठवला. मोबाईलवर.

पहिल्या रात्री बैठकीत वाकळ अंथरली आणि बाई म्हणाल्या तसा पडलो. पाय थोडे फाकलेले, तळवे आभाळाकडं, मान सैल, डोळे मिटलेले. या आसनाचं नाव शवासन. हठयोगप्रदीपिकेत त्याचं वर्णनच 'प्रेतासारखं उताणं जमिनीवर पडणं' असं आहे आणि त्यानं थकवा जातो असंही म्हटलंय. आमच्या मायनं हठयोगप्रदीपिका वाचलेली नाही. ती पाणी प्यायला उठली, तिनं दिवा लावला आणि जी किंकाळी फोडली, ती ऐकून समोरच्या घरातला दिवा लागला.

"मेल्यावानी काहून पडलास रे? अन् डोकं उत्तरेला!"

मी उठून तिला सगळं समजावलं. झोप येत नाही म्हणून हे करतोय, रोज अर्धा तास करायचं असतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे झोपायची बी शिकवणी लावली व्हय?"

मास्तर असल्यामुळं मी विषयाची पूर्वतयारी केली. आज जी योगनिद्रा सगळीकडं ऐकवतात तिची घडण मुख्यतः स्वामी सत्यानंद सरस्वतींची, बिहारातल्या मुंगेरच्या योगविद्यालयाचे संस्थापक. तंत्रात न्यास म्हणून एक विधी आहे, शरीराच्या एकेका भागावर मंत्र ठेवत जायचा. तो सोपा करून त्यांनी ही पद्धत बसवली. त्यांचीच एक हकिगत आहे. तरुणपणी ऋषिकेशला स्वामी शिवानंदांच्या आश्रमात असताना त्यांना रात्री एका वेदपाठशाळेवर लक्ष ठेवायचं काम होतं. पहाटे त्यांचा डोळा लागायचा आणि तेव्हाच पोरं मंत्र म्हणायची. पुढं कधीतरी ते मंत्र जागेपणी कानावर पडले, तर आपल्याला ते आधीच येतात की काय असं वाटायला लागलं! झोपेतही काहीतरी जागं असतं, हा विचार तिथून सुरू झाला. राखणीवर असताना डोळा लागला आणि त्यातून साधना निघाली. आमच्याकडं अशा प्रसंगी कारणे दाखवा नोटीस निघते.

तर सुरुवातीला संकल्प. छोटा, सरळ, एका वाक्याचा, आणि कुणाला सांगायचा नाही. "मला झोप येऊ दे" हे चालत नाही म्हणे, कारण ती मागणी झाली. पूजेला बसलं की गुरुजी गोत्र, तिथी, नक्षत्र सगळं म्हणून पळीभर पाणी सोडायला लावतात आणि मोकळं करतात. इथं सगळं आपल्यावर. मी चार रात्री वाक्यरचनाच सुधारत होतो. बायकोनं विचारलं, "संकल्प काय सोडला?" म्हटलं, "सांगायचा नसतो." ती म्हणाली, "मग माझ्याबद्दलच असंल."

पण खरी अडचण त्याच्या पुढं. बाई म्हणतात, "उजव्या हाताचा अंगठा." मन तिथं न्यायचं आणि लगेच उचलायचं, पहिलं बोट, दुसरं, तिसरं, करंगळी, तळवा, मनगट, कोपर, असं कुठंही न रेंगाळता थेट पायाच्या बोटापर्यंत. सुरुवात हातापासून करण्याचं कारण देताना जाणकार वाइल्डर पेनफिल्ड या मेंदूच्या सर्जनचं नाव घेतात. कुठल्या अवयवाला मेंदूत किती जागा, याचा त्यांनी नकाशा काढला. त्यात बोटांना आणि ओठांना एवढं मोठं रान मिळालंय की पाठ बिचारी बांधावर. माझ्याही मेंदूत अंगठ्याची जागा मोठीच आहे. फक्त तिथं अंगठा नाही, मायची केवायसी बसलीय.

रेशनकार्डाच्या केवायसीला मायचा अंगठा मशीन घेत नाही. कापूस वेचून वेचून आणि तव्यावरच्या भाकरी उलटून तिच्या बोटांच्या रेषाच पुसून गेल्यात. अंगठा गारगोटीसारखा गुळगुळीत. पहिल्या खेपेला तो ओल्या फडक्यानं पुसला. दुसऱ्या खेपेला खोबरेल लावलं. तिसऱ्या खेपेला रांगेतल्या एकानं सांगितलं म्हणून तिनं तो केसांवर घासला. मशीन आपलं लालच. शेवटी माय वाकून मशीनलाच म्हणाली, "लेकरा, मीच हाय की रे."

एवढं आठवेपर्यंत बाई उजव्या कमरेशी पोचलेल्या असतात. सुटलेल्या एसटीमागं पिशवी घेऊन पळावं तसा मी कोपर, खांदा, काख करत त्यांना गाठतो. तर त्या म्हणतात "उजवा गुडघा", आणि मला एक्स-रेचं पाकीट कुठं ठेवलंय ते आठवत नाही. "उजवी पोटरी" म्हणेपर्यंत मी मनातल्या मनात कपाट उघडून बसलेला. डाव्या बाजूला तशी कामं कमी आहेत. पण तिथं पोचेस्तोवर कानाशी डास आलेला असतो आणि हलायला परवानगी नसते.

मग श्वास. २७ पासून उलटं मोजत १ पर्यंत यायचं, चुकलं की पुन्हा २७. आणि माझ्या वर्गाचा पटही नेमका २७! आकडा आला की चेहरा येतो. २३ नंबरचीनं वही आणलेली नसते, २१ खिडकीबाहेर बघत असतो. १९ पाशी मी दरवेळी थांबतो. १९ दिवाळीनंतर आईबापाबरोबर उसाला गेला. हजेरीत नाव आहे, बाकावर पोरगं नाही. तो येईपर्यंत १८ वर कसं जायचं? पुन्हा २७.

त्यानंतर विरुद्ध संवेदना. शरीर जड झालंय, हलकं झालंय. थंडी वाजतेय, आता उष्णता जाणवतेय. बाई कुठल्या गावच्या मला माहीत नाही, पण त्या एप्रिलात परभणीला आलेल्या नसाव्यात. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेनं सकाळच्या पेपरात ४२ अंश सांगितलेले, कूलर गरम वाफ फेकतोय आणि बाई मला विनवतायत की उष्णतेची कल्पना करा. ती झाली. थंडीची मात्र काही केल्या होईना. मग बाई म्हणाल्या, "डोळ्यांसमोर एक शांत, निळं, विशाल जलाशय आणा." आणलं. जायकवाडी आलं. मराठवाड्याच्या माणसाला जायकवाडी दिसलं की एकच प्रश्न पडतो, किती टक्के? तो पडला आणि उरलीसुरली शांतता गेली. तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये जाहिरात लागली. बाईंचा आवाज जेवढा मऊ, तेवढाच बोअरच्या मोटारीची जाहिरात करणाऱ्या गड्याचा दणदणीत.

दरम्यान घरात वेगळंच झालं. बाईंचा आवाज बैठकीतून आत जायचा. माय उजव्या कोपराच्या पुढं कधी जागी राहिली नाही. बायको संकल्पातच गार. पोरगी परीक्षेचा अभ्यास सोडून येऊन आडवी व्हायची, तिची मजल कमरेपर्यंत. सगळ्यांना लागलेलं रेकॉर्डिंग बंद करायला जागा कोण, तर मी. एक तास योगनिद्रा म्हणजे चार तासांची झोप असं सांगतात. बायकोनं त्याचा हिशोब केला आणि सकाळी मला दळण आणायला पाठवलं. माझी झोप झालेलीच होती.

मायला माझी दया आली असावी. एका रात्री म्हणाली, "तुळजापूरची आई बी वर्षातून तीनदा निजती." ते खरं आहे. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. दसऱ्याचा पलंग तर पार नगर जिल्ह्यातून मिरवत येतो. मी म्हणालो, "बघ, देवीला पलंग. मला वाकळ."

"तिनं म्हैसासुर मारला," माय म्हणाली. "मग दमली, मग निजली. तू काय मारलंस?"

मी दिवसभर शाळेची ऑनलाइन माहिती भरली होती, तीही सर्व्हर मध्येच बंद पडल्यामुळं दोनदा. पण हे म्हैसासुरापुढं सांगण्यासारखं नव्हतं.

मे महिन्यात एका रात्री साडेअकराला लाईट गेली ती आलीच नाही. आमची गल्ली अशा वेळी गच्चीवर येते. उशा, तांबे, हातपंखे, लेकरं. गच्च्यांना गच्च्या लागलेल्या, मध्ये फक्त कमरेएवढे कठडे. पलीकडच्या गच्चीवर एसटीतले कंडक्टर सहकुटुंब. माय म्हणाली, "त्या बाईला लाव की." मोबाईल कधीच मेला होता. तर बायको म्हणाली, "तुम्हीच म्हणा. तीन महिने ऐकू लालाव, पाठ झालं असंल."

पाठ झालंच होतं. मी बसूनच सुरुवात केली, हळू आवाजात. पण बावीस वर्षांची सवय, आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "झोपायचं नाही. फक्त आवाज ऐकायचा. उजव्या हाताचा अंगठा." पलीकडचे हातपंखे थांबले. "पहिलं बोट. दुसरं बोट." उजव्या कोपराला माय घोरायला लागली. कमरेला पोरगी. दोन गच्च्यांपलीकडं एक लेकरू रडत होतं, ते मांडीपाशी गप झालं. मी आडवा झालो आणि झोपल्या झोपल्याच डाव्या बाजूला वळलो. डावा अंगठा, मनगट, कोपर, खांदा. म्हणणारा मीच, त्यामुळं केवायसी मध्ये यायला फटच नव्हती. कंबर. मांडी. गुडघा. पोटरी. घोटा.

कुणीतरी माझा खांदा गदागदा हलवत होतं. डोळे उघडले तर चांदणं, आणि कठड्यावरून निम्मे आत वाकलेले कंडक्टर.

"ओ सर! डाव्या घोट्याला उतरवून दिलं आम्हाला. तासभर झाला, शेवटच्या स्टॉपपर्यंत तरी न्या की!"