'कॅटलॉग' या शब्दाच्या निमित्ताने

सप्रेम नमस्कार.

जपानमधील बारा रात्रींच्या प्रवासावर मी लिहिलेल्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. दुसऱ्या वाचनात ती जरा सौम्य वाटेल अशी आशा होती. ती फोल ठरली. प्रतिक्रियांना चार ओळींपेक्षा मोठे उत्तर देण्याचा माझा प्रघात नाही, परंतु आपला सूर इतका ठाम आहे की मी गप्प बसलो तर इतर वाचकांना तेच खरे वाटण्याचा संभव आहे.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. आमचा मार्ग टोकियो चार रात्री, कानाझावा दोन, ताकायामा एक, क्योतो तीन, कोयासान एक आणि शेवटी ओसाका एक असा होता. त्यावर आपण लिहिता की, हा लेख म्हणजे ट्रॅव्हल कंपनीचा कॅटलॉग आहे. टोकियोतील चार रात्री ही निव्वळ नासाडी, कारण "खरा जपान टोकियोत नाहीच". चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन सहा हॉटेले बदलण्यात काय मिळवले. रेल्वे पासाची किंमत चुकीची आहे. शाकाहारी माणसाने काय खावे यावर दोनच ओळी आहेत. क्योतोच्या गर्दीबद्दल चकार शब्द नाही. आणि बागाच बघायच्या होत्या तर सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहेच की.

पासाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत मी २९,६५० येन लिहिली होती, ती १ ऑक्टोबर २०२३ रोजी ५०,००० येन झाली. आमच्यासारख्या मार्गाला तो पास आता परवडतही नाही. आम्ही स्वतः सुटी तिकिटे काढली होती आणि पासाचा आकडा मी माझ्या जुन्या टिपणवहीतून उचलला होता. ही चूक माझी आहे. चूक मान्य करण्यात मला कधीच कमीपणा वाटलेला नाही, हे माझे जुने वाचक जाणतात.

आता 'कॅटलॉग'. मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या शब्दाला. कॅटलॉग लिहिणाऱ्याला पैसे मिळतात आणि गिऱ्हाईक गाठायचे असते. मला या लेखाचा एक रुपयाही मिळालेला नाही. ताकायामाच्या र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक धर्तीच्या जपानी विश्रामगृहात, स्वच्छतागृहासाठी ठेवलेल्या चपला तशाच पायांत ठेवून मी जेवणाच्या खोलीच्या दारापर्यंत आलो, यजमानबाई एक अक्षर बोलल्या नाहीत, फक्त त्यांची नजर माझ्या पायांवर खिळली आणि मी कानापर्यंत लाल झालो, हा प्रसंग मी लेखात सविस्तर लिहिला आहे. कोणती ट्रॅव्हल कंपनी असा प्रसंग आपल्या माहितीपत्रकात छापते, ते कृपया कळवावे. की आपण लेख तिथपर्यंत वाचलाच नाही?

असो. मला खरे बोलायचे आहे ते "खरा जपान टोकियोत नाहीच" या आपल्या चार शब्दांविषयी, कारण हा समज केवळ आपला एकट्याचा नाही. जपानला जाऊन आलेल्या आणि न गेलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या माणसांकडून मी तो ऐकत आलो आहे. या समजानुसार जपान नावाच्या देशात दोन कप्पे आहेत, एकात मंदिरे, किमोनो आणि चहा, दुसऱ्यात निऑनचे दिवे, रोबो आणि गर्दी. पहिला खरा आणि दुसरा अमेरिकेकडून उसना आणलेला.

टोकियोतील आसाकुसा भागातले सेन्सोजी मंदिर घ्या. सुमिदा नदीत जाळे टाकणाऱ्या दोन भावांना ६२८ साली कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची, मूर्ती सापडली अशी त्याची कथा आहे. मंदिर म्हणून ते टोकियोतील सर्वांत जुने. परंतु ज्या मुख्य सभागृहापुढे आपण हात जोडतो ते १९४५ च्या बॉम्बवर्षावात जळून गेल्यावर १९५८ मध्ये सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उभारलेले आहे, त्याच्या छपरावरची आजची कौले टायटॅनियमची आहेत, आणि ज्या कामिनारीमोन दरवाजाच्या तांबड्या कंदिलाखाली सगळे जग छायाचित्र काढते तो १९६० साली मात्सुशिता कोनोसुके या विजेच्या उपकरणांच्या उद्योगपतीने बांधून दिलेला आहे. तेथून हाकेच्या अंतरावर आशियातील पहिली भुयारी रेल्वे आहे; आसाकुसा ते उएनो असा तिचा पहिला टप्पा १९२७ साली सुरू झाला. म्हणजे ज्याला आपण 'आधुनिक' म्हणून नाक मुरडता ती आगगाडी आजच्या 'पारंपरिक' मंदिरापेक्षा एकतीस वर्षांनी मोठी आहे. आता यातले खरे काय आणि उसने काय, ते आपणच ठरवावे.

सेन्सोजीपासून दहा-बारा मिनिटे चालल्यावर एका टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचे मंदिर लागते. गर्दी तिकडे फिरकत नाही. तेथील दैवत कांगितेन, म्हणजे आपला गणपती; फक्त मूर्ती कोणाला दाखवत नाहीत. नैवेद्य मुळ्याचा. पायऱ्या चढून गेले की पांढरेशुभ्र, मनगटाएवढे जाड मुळे विकायला मांडलेले असतात. आईने एक घेतला, पाल्यासकट छातीशी धरला आणि दूर्वा मिळतील का, असे मला विचारले. मी माझ्या मोडक्या जपानीत ते पुढे विचारण्याचे धाडस केले नाही. तिने मुळा ठेवला, डोळे मिटले आणि अथर्वशीर्षाच्या पहिल्या चार ओळी पुटपुटली. टोकियोत खरा जपान नसेल, पण आईला तेथे गणपती भेटला. आपल्या मते 'नासाडी' झालेल्या चार दिवसांपैकी ही एक सकाळ.

आपण कदाचित म्हणाल की खरा जपान खेड्यात आहे. (आपण तसे लिहिलेले नाही, पण आपला रोख तोच आहे.) येथे मला नाइलाजाने स्वतःविषयी लिहावे लागते. १९९९ साली कंपनीने मला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी आइची प्रांतातील एका कारखान्यात पाठवले होते. त्याआधी दीड वर्ष पुण्यात शनिवार-रविवार जपानी भाषेचे वर्ग केले होते आणि तेव्हाच्या चार पातळ्यांपैकी तिसरी पातळी मी उत्तीर्ण झालो होतो. ज्यांना ही परीक्षा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की खालून दुसरी असली तरी ती वाटते तितकी सोपी नाही. आमचे वसतिगृह भातशेतांच्या मधोमध होते. शेजारचे आजोबा पहाटे लावणीचे यंत्र घेऊन शेतात उतरत आणि अर्ध्या दिवसात सबंध खाचर लावून मोकळे होत. त्यांच्या घरात पूर्वजांचा काळा लाखी देव्हारा होता आणि त्याला चिकटून भलामोठा दूरदर्शन संच. देव्हाऱ्यापुढे भाताची वाटी ठेवून ते बेसबॉलचा सामना लावत. गावातील सर्वांत वर्दळीची जागा कोणती होती म्हणाल, तर चोवीस तास उघडे असणारे दुकान. दोन कप्पे पाडून दाखवा म्हणून त्या आजोबांना कोणी सांगितले असते, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. मी त्या गावात सहा महिने राहिलो आहे. आपण जपानमध्ये किती दिवस होता, किंबहुना होता की नाही, याचा उल्लेख मात्र आपल्या प्रतिक्रियेत मला कुठे सापडला नाही.

त्याच वर्षी मी इसेच्या महामंदिरात गेलो होतो. जपानमध्ये यापेक्षा पवित्र स्थान नाही, आणि ते दर वीस वर्षांनी नव्या हिनोकी लाकडात, शेजारच्याच जागेवर, जुन्यासारखे हुबेहूब पुन्हा बांधतात. मी पाहिले ते १९९३ चे मंदिर होते. ते नंतर उतरवले गेले, २०१३ चे आज उभे आहे आणि २०३३ मध्ये पुढचे होईल. उभ्या मंदिराच्या बाजूला तेवढाच एक मोकळा चौकोन, पांढरे खडे पसरलेला, आणि त्यात एक इवलीशी लाकडी खोपटी. मी देवळापेक्षा त्या रिकाम्या जागेकडेच जास्त वेळ बघत राहिलो होतो. क्योतोचे सोन्याचे किंकाकुजी मंदिरसुद्धा १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळल्यावर १९५५ मध्ये पुन्हा उभे राहिलेले आहे. आपल्या हिशेबाने हे सारे नकली ठरेल. तसे असेल तर मग क्योतोतील माझ्या तीन रात्रींनाही आपण नासाडी म्हणायला हवे होते. तेवढी सुसंगती तरी राखावी.

कानाझावाबद्दल एवढेच सांगतो की पु. ल. देशपांडे उद्यान हे ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर रचलेले आहे, आणि जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत कोराकुएन व कानाझावाचे केनरोकुएन ही दोन स्वतंत्र उद्याने मोडतात. मला सिंहगड रस्त्यावरची बाग आवडते, मी पहाटे तेथे फिरायला जातो. परंतु नोव्हेंबरात हिमाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून पाइनच्या झाडाशेजारी उंच खांब रोवून, त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोर बांधून छत्रीच्या काड्यांसारखा आकार करणारे माळी तेथे नसतात. केनरोकुएनमध्ये एक माळी शिडीच्या टोकावरून दोर सोडत होता आणि खालचा दुसरा फांदी हाताने किंचित उचलून, मग गाठ मारत होता. हे काम पुण्यात बघायला मिळाले तर मी आपली हरकत तत्काळ मान्य करीन.

राहिले इतर मुद्दे. क्योतोच्या गर्दीबद्दल मी लिहिले नाही कारण त्याविषयी सगळेच लिहितात. गिओनमधील काही खासगी गल्ल्या २०२४ पासून पर्यटकांना बंद आहेत, आम्ही तिकडे गेलो नाही, विषय संपला. शाकाहाराबद्दल दोन ओळी पुरेशा होत्या. सुक्या माशाचा अर्क जवळजवळ प्रत्येक रस्सा-आमटीत असतो हे मी लिहिले आहे, यापुढे ज्याने-त्याने आपले बघावे. शिवाय कोयासानला मंदिरातच मुक्काम केला तर कांदा-लसूणसुद्धा नसलेले, थेट चातुर्मासात शोभेल असे जेवण पानात येते, हे मी सांगितले होते.

आणि ती सहा हॉटेले. आपण विचारता, काय मिळवले. मोठ्या बॅगा आम्ही टोकियोहून परस्पर क्योतोच्या हॉटेलात पाठवल्या होत्या, ही सोय तेथे इतकी चोख आहे की मधल्या तीन रात्री पाठीवरच्या पिशवीत भागतात. त्यामुळे 'बोजे वाहत धावपळ' हे आपले वर्णन मुळातच चुकीचे आहे. आईने एकदाही तक्रार केली नाही. ताकायामात ती दिवसभर खोलीत बसून फुकुओकाची सुमो स्पर्धा टीव्हीवर बघत राहिली हे खरे, पण ते थंडीमुळे. तिचे गुडघे हा आमच्या घरातला विषय आहे आणि त्याची काळजी करण्यास मी व माझी बहीण समर्थ आहोत.

शिवाय आपल्या मते 'एका रात्रीची उठाठेव' म्हणजे कोयासान, ते तर ऐकाच. भिक्षू कुकाई यांनी चीनहून विद्या आणून ८१६ साली वसवलेले हे पर्वतावरचे मठांचे गाव. केबल कारने चढून जाता येते. पहाटे सहा वाजता, मोजे घातलेल्या पायांनाही लाकडी जमीन बर्फासारखी लागत असताना, आम्ही तेथील गोमा विधीला बसलो. पुरोहित लाकडाच्या काटक्या एकेक करून अग्नीत अर्पण करीत होते, बाजूला ढोल वाजत होता, ज्वाळा पार छताकडे जात होत्या. गोमा हा शब्द आपल्या होमाचाच आहे हे मी आईला सांगणार होतो. तेवढ्यात प्रत्येक मंत्राच्या अखेरीस येणारा 'सोवाका' हा उच्चार तिसऱ्या-चौथ्या वेळी तिच्या कानाने पकडला. माझ्या कोपराला धरून ती हळूच म्हणाली, "अरे, स्वाहा म्हणतायत." पुढचा अर्धा तास ती प्रत्येक आहुतीला ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर स्वाहा म्हणत होती. उठताना मात्र तिला दोघांनी धरावे लागले. हे मी मूळ लेखात लिहिले नव्हते. खरे तर आपल्याला उत्तर देण्याच्या ओघात आत्ताच लिहीत आहे, म्हणून आपले आभार मानावेत की काय, हे मला ठरवता आलेले नाही.

पासाचा आकडा मूळ लेखात बदलला आहे आणि बदल केल्याची तारीखही दिली आहे. 'कॅटलॉग' हा शब्द आपल्या प्रतिक्रियेत अजून तसाच आहे. तो बदलण्याची सोय प्रतिक्रियेच्या खाली उजव्या कोपऱ्यात असते.

कळावे.