साडेतीन वर्षांच्या पोरीचं 'लेखन कच्चे'?

शेजारच्या साडेतीन वर्षांच्या पोरीच्या डायरीत आज लाल पेनाने शेरा आलाय. 'लेखन कच्चे. घरी सराव घ्यावा.' संध्याकाळभर तिचं रडणं ऐकतेय. पानभर 'बी' काढायचाय म्हणे! अहो, कच्चं नाहीतर काय असणार? त्या वयात मनगटातली हाडंसुद्धा पुरती तयार झालेली नसतात.

माझी आई आमच्या पडवीत बालवाडी चालवायची. तिथला एक मुलगा कुणाशी बोलायचा नाही, गाण्यात यायचा नाही, नुसता चिंचोके या डब्यातून त्या डब्यात ओतत बसायचा. आई त्याला हटकत नसे. फक्त डबे बदलून ठेवायची, कधी उंच, कधी पसरट, कधी अरुंद तोंडाचा. त्याची आजी रोज विचारायची, "बाई, हा शिकतो कधी?"

शिकतच होता की! चिंचोके तेवढेच, पण उंच डब्यात जास्त दिसतात, हे तो स्वतः पडताळत होता. सांडलेले चिमटीने उचलताना बोटं पेन्सिलीसाठीच तयार होत होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या शिक्षणतज्ज्ञांनी 1945 मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. साधनं कुठली? पानं, बिया, खडे, शिंपले. हे आपल्या महाराष्ट्रात घडलंय, आणि आपण हजारो रुपये फी भरून पोरांना एका जागी बसवतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांचा टप्पा खेळातून शिकण्याचाच धरलाय. वाचतं कोण?

पहिलीच्या प्रवेशाची धास्ती खरी आहे, मान्य. शेरा लिहिणाऱ्या बाईंवरही वरून दबाव असेल, एकटीने तीस-चाळीस पोरं सांभाळायची म्हणजे चेष्टा नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. पण म्हणून बाळाची बोटं दाबून गिरवून घ्यायचं?

तो चिंचोक्यांचा मुलगा एक दिवस शेजारच्या मुलीला म्हणाला, "तुझ्यात मावणार नाहीत. मोठा डबा घे." वर्गातलं त्याचं पहिलं वाक्य! आईने ते रात्री जेवताना सांगितलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

तुमच्याकडे असा शेरा आला तर मुकाट्याने सही करू नका. शाळेत जा आणि विचारा, वर्गात वाळू, पाणी, मणी, माती मुलांच्या हातात रोज किती वेळ असते? गोष्ट कोण सांगतं? उद्या मी शेजारणीबरोबर जाणार आहे.