एकवीस हजारांचा पोकळ पाइप

काल वाईहून बायकोच्या मामांचा फोन आला. पाऊसपाणी विचारून झाल्यावर ते आवाज खाली आणून म्हणाले, "मग जावईबापू, गाडी झाली का बरी? आमचे दाजी तिथं होते म्हणून निभावलं!"

गाडी आजारी नव्हती. हे कुणीतरी वाईत जाऊन दवंडी पिटून सांगा. गाडी ठणठणीत होती. मी फक्त तिचा पुढचा स्वे बार बदलत होतो. हौसेनं.

इथे न्यू जर्सीत माझ्याकडे पंचवीस वर्षांची माझदा मियाटा आहे. दोन सीटची, उघड्या टपाची. वळणावर जरा कलते, आणि जोरात वळवली की आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरतं. पुढे जाड बार बसवला की दोन्ही कमी होतं. स्वे बार म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारी स्प्रिंगच्या पोलादाची दांडी. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ती पिळली जाते आणि गाडीला कलू देत नाही. दोन्ही चाकं एकदम उडाली तर तिला धरून ठेवणाऱ्या रबरी बुशांत नुसती फिरते, काही करत नाही. गावातली तंटामुक्ती समितीच म्हणा ना. भांडण असेल तरच काम.

शनिवारी सकाळी ड्राइव्हवेवर गाडी घेतली, खोका फोडला, आणि मागून घडीची खुर्ची उघडल्याचा आवाज आला.

माझे सासरे एसटीतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. अख्खी नोकरी वाई डेपोत. पसरणीच्या घाटात बंद पडलेल्या लाल डब्याखाली झोपून त्यांनी जे जे दुरुस्त केलं, ते दोन महिने मी रोज रात्री जेवताना ऐकतो आहे. हातात चहाचा कप, अंगात माझाच हिवाळी कोट. (मे महिना होता.)

"ह्ये काय?"

"स्वे बार, बाबा."

"स्टेबलायझर रॉड म्हणा की." त्यांनी तो उचलला, हातात तोलला, एका टोकाशी डोळा नेला. मग दुसऱ्या टोकाशी. मग बोटानं टकटक केलं. "जावईबापू, ह्यो पोकळ हाय."

मी समजावलं. पीळ जास्त करून बाहेरच्या अंगाला बसतो, मधलं लोखंड नुसतं वजन वाढवतं. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. 20 मिलिमीटरची दांडी 24 ची केली तर ताठपणा दुपटीच्या वर जातो. म्हणून जाडी वाढवायची आणि आतून पोकळ ठेवायची. शाळेत फळ्यापुढे उभं राहून बोलावं तसा मी बोलत होतो.

"केवढ्याला?"

"अडीचशे डॉलर."

त्यांचे ओठ हलले. गुणाकार चालला होता. "एकवीस हजार," ते म्हणाले, आणि खिडकीकडे बघून जोरात, "अगं, एकवीस हजार! पोकळ पाइपला!" आतून सासूबाईंचं "अगं बाई!" आलं.

ते गेलं असतं विसरून. पुढचं जात नाही.

माझ्याकडे जॅक एकच. उजवी बाजू उचलली, लिंक (बारचं टोक चाकाच्या आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्याला, जोडणारी छोटी दांडी) जोडली, खाली उतरवली. तिथेच दीड तास गेला, कारण इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ नटाला जे धरतं ते धरतं. नट फिरवला की लिंकच्या टोकातला बॉल त्याच्याबरोबर फिरतो. मग डावी बाजू उचलली. बारचं भोक आणि लिंकचा बोल्ट यांच्यात चार बोटांचं अंतर. पहार घातली. दोर बांधून ओढलं. गाडीखाली आडवा होऊन पायानं ढकललं. एकदा पहार सटकून हनुवटीवर आली. सासरे काही बोलले नाहीत. दुसरा चहा आला. चहा पितानाचा त्यांचा तो 'हुस्स' आवाज दर दोन मिनिटांनी येत होता.

शेवटी ते उठले, बायकोच्या गाडीच्या डिकीतून स्टेपनीचा जॅक काढून आणला आणि माझ्या कानाशी ठेवला.

"त्यो आर्म खालनं वर घ्या. उजवं चाक भुईवर, डावं लोंबतंय. दांडा पिळलाय. जुळंल कसं?"

आर्म वर घेतला. भोक सरकत सरकत बोल्टासमोर येऊन थांबलं. बोल्ट बोटानं आत गेला. बोटानं!

मघाशी पिळाचं गणित कोण शिकवत होतं? मीच. चार व्हिडिओ पाहिले होते मी, चारही जणांकडे अख्खी गाडी वर घेणारी लिफ्ट होती. आठवडाभर ऑफिसात मान खाली घालून काम करायचं, आणि शनिवारचे तीन तास आपले म्हणून ठेवलेले असतात, त्यातही साहेब खुर्ची टाकून बसलेले. बरं, त्यांनी टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्यांनी फक्त कप उचलला, आत गेले, आणि मला व्हिडिओ कॉलचा आवाज ऐकू आला. "न्हाई न्हाई, आता चालू झाली."

चालूच होती!

संध्याकाळी त्यांना घेऊन ओक ट्री रोडला कोथिंबीर आणायला गेलो. आता ही गाडी वळवायची कुठे, तेही सांगतो. न्यू जर्सीत हमरस्त्यावरून डावीकडे जायचं तर बऱ्याच ठिकाणी आधी उजवीकडे बाहेर पडावं लागतं. त्या वळशाला जगहँडल म्हणतात, म्हणजे चहाच्या मगाला असतो तसा कान. शेवटी सिग्नल, पुढे कुणाची तरी मिनीव्हॅन. माझ्या खेळाचं मैदान एवढंच. तरी त्या कानात मी गाडी जरा दामटली. सपाट गेली! तसूभर कलली नाही. मी विजयी मुद्रेनं बाजूला पाहिलं.

"सीट कडक हाय," ते म्हणाले.

परतताना एका चाकाखाली खड्डा आला आणि धक्का दोन्ही बाजूंना बसला. जाड बाराचं ते दुखणंच आहे. वर पुढून कुई कुई आवाज. सासऱ्यांनी मान तिरकी केली. ऐकलं. कोथिंबिरीची पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"बुशाला ग्रीस कमी पडलंय."

आज शनिवार. ग्रीसची ट्यूब घेऊन बाहेर आलो तर ड्राइव्हवेवर खुर्ची मांडलेली आहे. शेजारी आणखी एक, सासूबाईंची.